हललेले पक्षी

‘हे कधीपासून होतंय?’ डॉक्टरांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझा नवरा म्हणाला, ‘गेल्या वर्षापासून. चक्करच्या गोळ्या सुरू केल्या, त्यानंतर.’ त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, एखादी न दिसणारी गोळी वळत असल्यासारखा. डॉक्टर तिशीतल्या होत्या. त्यांनी त्याला उठवलं, चालवलं, वळवलं, त्याचं मनगट धरून कोपरातून हात हलवून पाहिला, आणि मग खुर्चीत बसून सावकाश सांगितलं की शक्यता दोन आहेत. काही गोळ्यांनीच असा कंप येतो. गोळ्या थांबवल्या की काही महिन्यांत तो जातो. दुसरी शक्यता ही की कंप आधीपासून आत होताच, गोळ्यांनी तो नुसता वर काढला. तसं असेल तर तो जाणारा नाही, मग वाट बघण्यात वेळ न घालवता वेगळी औषधं आणि व्यायाम आत्ताच सुरू करावे लागतील. ‘म्हणून नीट आठवून सांगा,’ त्या म्हणाल्या, ‘गोळ्यांच्या आधी काहीच नव्हतं?’ माझा नवरा हसला. ‘आठवायचं कशाला, पुरावाच आणलाय,’ तो म्हणाला आणि पिशवीतून त्याने आल्बम काढला.

आल्बममध्ये पक्षी होते. दर वर्षाचे वीस, निवडून निवडून काढलेले, चकचकीत कागदावर. डॉक्टर पानं उलटत होत्या आणि तो वाकून सांगत होता, हा इतक्या अंधारात, हा इतक्या लांबून, सगळे हातात कॅमेरा धरून, स्टँड नाही. ‘स्टँड म्हणजे पांगळ्याची काठी,’ हे त्याचं जुनं वाक्यही त्याने तिथे म्हणून घेतलं. डॉक्टर एका धोबी पक्ष्यापाशी थांबल्या. दगडावर उभा, शेपटी वर, शेपटीतलं पीस न् पीस वेगळं. ‘हा कधीचा?’ ‘तीन वर्षं झाली. बघा ना, हात थरथरत असता तर ही शेपटी आली असती का?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्हाला काही जाणवलं होतं का?’ मी म्हणाले, ‘नाही.’ हे खोटं नव्हतं. मी त्या शेपटीकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एक आकडा आला. चौतीस. आधी मला तो कशाचा आहे तेही कळलं नाही. बसचा नंबर असावा तसा तो आला आणि थांबून राहिला. मग कळलं. त्या फोटोला मी हादरा काढायचा फिल्टर चौतीसवर लावला होता.

डॉक्टर म्हणाल्या, आल्बम पाहता पहिलीच शक्यता जास्त दिसते. गोळ्या बंद करा, तीन महिन्यांनी या. बसमध्ये त्याने मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः दांडीला धरून उभाच राहिला, जागा असून. आनंद झाला की तो बसत नाही. ‘मी तुला म्हणत नव्हतो?’ तो म्हणाला. खरं तर वर्षभर तो उलटंच म्हणत होता. डॉक्टरचं नाव काढलं की ‘हात दाखवून अवलक्षण कशाला?’ मी खिडकीबाहेर बघत राहिले. दुकानं, पाट्या, एक बाई कुत्र्याला ओढत होती. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि मग ओठ आपला राहत नाही, बोट लावलं तरी दुसऱ्याच कुणाचा लागतो, तसं माझं सबंध अंग झालं होतं. भीती वाटायला हवी होती. मी ती शोधली, सापडली नाही. घरी आल्यावर मी भाजी चिरली, सगळे तुकडे अगदी सारखे.

मी फोटो स्टुडिओत टचिंग करते, एकतीस वर्षं. सुरुवातीला निगेटिव्हवर, टोकदार पेन्सिलीने आणि तीन केसांच्या ब्रशने, आता पडद्यावर. ओळखपत्रांचे, साखरपुड्यांचे, मेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे, सगळे चेहरे माझ्या हाताखालून जातात. पहिल्याच दिवशी मालकांनी सांगितलं होतं, ‘टचिंग दिसलं तर ते टचिंग नव्हे. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपण दिसतोच असे.’ हे मला जमलं. मला दुसरं फारसं काही जमलं नाही, पण हे इतकं जमलं की बायका माझ्यासमोर फोटो हातात धरून म्हणतात, बाई, ह्या खेपेला माझा फोटो बरा आला हो; आणि मी म्हणते, चेहराच तसा आहे. नवराही मला तिथेच भेटला. पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढायचा, पक्ष्यांचे रोल धुवायला द्यायचा. काउंटरवर तो ‘तुम्ही’ होता, लग्नानंतर महिन्याभरात ‘तू’ झाला. त्याच्या हाताचा त्याला फार गर्व. कार्यालयात पट्टी न लावता सरळ रेघ मारून दाखवायची पैज लावायचा आणि जिंकायचा. त्या वेळी त्याच्या फोटोंना मी हात लावत नसे. हात लावण्यासारखं काही नसेच. उजेड कमी, पक्षी लांब, पण धार चाकूसारखी.

पहिल्यांदा कधी, ते मला बसून आठवावं लागलं. एका रविवारी तो तळ्यावरून परत आला, नेहमीसारखे त्याने फोटो माझ्या मशीनवर, घरच्या कॉम्प्युटरवर, उतरवून दिले, ‘जरा साफ कर गं,’ म्हणाला आणि आंघोळीला गेला. साफ कर म्हणजे आकाशातले धुळीचे ठिपके काढ, कडा काप, एवढंच. त्यात एक खंड्या होता, आणि तो किंचित मऊ होता. वाईट नव्हता. दुसऱ्या कुणाचा असता तर मी तसाच सोडला असता. पण मला माहीत होतं तो आंघोळीहून येऊन काय करील: चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावील, मग गप्प होईल, मग दुपारभर गप्प राहील, आणि पुढच्या रविवारी म्हणेल, जाऊ दे, नाही जात. आणि रविवारची सकाळ माझी होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सहा ते अकरा घरात कुणी नसायचं. मी चहा करून नुसती बसायचे, रेडिओसुद्धा लावायचे नाही. त्या पाच तासांसाठी मी फिल्टर आठवर नेला. आठ म्हणजे काहीच नाही. तो आला, नाक लावलं आणि म्हणाला, ‘वा.’ मलाही बरं वाटलं. प्रेमाने केलं असं म्हणायची सोय आहे, थोडं प्रेमही असेल त्यात. पण आधी ती सकाळ होती, आणि त्याच्याही आधी एक मऊ कड माझ्या डोळ्यांना सहन झाली नव्हती. हात हलल्याचं कारण आम्ही दोघांनी लेन्सच्या वजनावर ढकललंही नाही, कारण ढकलायला काही उरलंच नव्हतं.

डॉक्टरांकडून आल्याच्या चौथ्या दिवशी, तो वाचनालयात गेला असताना, मी मशीन उघडलं. स्टुडिओची सवय आहे, मूळ फोटोवर कधी काम करायचं नाही. त्याची प्रत काढायची आणि मूळ ‘कच्चे’ नावाच्या कप्प्यात ठेवायचं. प्रत्येक फोटोला काय काय लावलं त्याचे आकडे मशीन आपोआप लिहून ठेवतं. मी आल्बममधले पक्षी एकेक करून कच्च्यात शोधले. आठ. दहा. पंधरा. बावीस. तो धोबी, चौतीस. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातला बगळा, पन्नास. हा फिल्टर एक गंमत करतो. हात कसा हलला ते तो शोधून काढतो आणि कोपऱ्यातल्या चौकोनात एक पांढरी रेघ दाखवतो, वाकडीतिकडी, नखाएवढी. तितक्या क्षणात कॅमेरा कुठून कुठे गेला, ती वाट. काम करताना त्या चौकोनाकडे मी कधी बघत नसे, कुणीच बघत नाही. आता मी नुसते तेच चौकोन बघत बसले. पहिल्या वर्षी ठिपका. मग स्वल्पविराम. मग गांडूळ. पट्टी न लावता सरळ रेघ मारणाऱ्या माणसाने सहा वर्षं दर रविवारी ही रेघ मारली होती, आणि दर रविवारी दुपारच्या आत मी ती खोडली होती. गेल्या वर्षी आकडा शंभरला पोचला. शंभरच्या पुढे फिल्टर जात नाही. त्याहून जास्त हात हलला की पक्ष्याला दुहेरी कड येते, पांढरी, खोटी, आणि खोटी कड तर मी चालवून घेत नाही. म्हणून तेव्हा मी त्याला पहिल्यांदा म्हटलं होतं, ‘ह्या खेपेचे हललेत रे सगळे.’ तो दचकला होता. त्याच महिन्यात चक्करच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. माझा फिल्टर जिथे संपला, तिथून त्याचा आजार सुरू झाला.

मला वाटलं आता तरी काहीतरी होईल. छातीत, डोळ्यांत, कुठेतरी. मी मशीन बंद केलं, पडद्यावर माझा चेहरा आला, त्यात डाव्या गालावरचा डाग काढायला हवा असं मनात आलं. मग मला चहाचा कप आठवला. तो पूर्वी काठोकाठ चहा प्यायचा. अर्धा कप समोर आला की ‘ही काय आजाऱ्याची पथ्यं?’ म्हणायचा. आता आमच्याकडे त्याचा कप अर्धाच भरला जातो. मी अर्धा भरते. कधी लागले भरायला, का लागले, मला खरंच आठवत नाही. कधीतरी बशीत सांडलं असेल, हाताने आपोआप कमी ओतलं असेल, मेंदूला कळवलंही नसेल. आणि त्याने विचारणं सोडून दिलं असेल. घरातल्या घरात मी आणखी काय काय कमी करत आणलं असेल, ते मोजायला मशीन नाही.

सांगून टाकायचं, असं मी रोज सकाळी ठरवायचे. रोज सकाळी तो वर्तमानपत्र टेबलावर पसरायचा आणि त्यावर पंजा उताणा ठेवायचा. ‘बघ. आज कमी आहे ना?’ मी बघायचे. वर्तमानपत्राचा कोपरा हळूच टकटक वाजत असायचा. ‘हो, कमी वाटतंय,’ मी म्हणायचे. आणि म्हणता क्षणी मला कळायचं की हे मी कुठलं काम करते आहे. तो उत्साहाने गोळ्या सोडून झाल्याचे दिवस कॅलेंडरवर खोडत होता. पन्नासावा दिवस झाला तेव्हा कॅमेरा काढून त्याने लेन्स पुसून ठेवली. त्याच्या बहिणीला फोनवर सांगत होता, ‘अगं, ते काही नव्हतं, गोळ्यांचं नाटक होतं सगळं. माझा हात आहे हा!’ मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. ह्या माणसाचे महिने जात होते आणि ते मी जाऊ देत होते. चांगल्या बायका अशा वेळी रडून सगळं ओकून टाकतात, असं म्हणतात. माझे दात आणि माझेच ओठ, पण त्यांतून शब्द काही निघेना. एकदा मी बोललेही. म्हणाले, ‘तुझे जुने फोटो मी थोडे साफ करत होते, माहिती आहे ना?’ तो म्हणाला, ‘माहिती आहे की. धूळच फार होती त्या लेन्सवर.’ आणि माझ्या खांद्यावर थोपटलं, त्याच हाताने. बोटांचा ताल ब्लाउजमधून खांद्यावर लागला. मी म्हणाले, ‘हो, धूळच फार होती.’

तारखेच्या आदल्या दिवशी मी स्टुडिओत कच्च्या कप्प्यातले सहा फोटो छापले, दर वर्षाचा एक, काही न करता. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न करता छापत होते आणि हात सारखा माउसकडे जात होता. मालक चहाचा पेला घेऊन मागे येऊन उभे राहिले. आता त्यांना मोतीबिंदू आहे, तरी म्हणाले, ‘कुणाचे गं? हललेत की सगळे.’ मी सांगितलं, आमच्या ह्यांचे. ‘मग टच कर ना. घरच्या माणसाला कसली काटकसर!’ ते आपल्याच विनोदावर हसले. मीही हसले, कारण ते हसले की आम्ही सगळे हसतो. कागद कोमट होते. मी ते पाकिटात घातले, आणि तेव्हा एकदाचं काहीतरी वाटलं. लाज वाटली. फार मोठी नाही; चारचौघांत कुणी नाव घेऊन हाक मारावी इतकी. पण ती माझीच होती, हे मला ओळखू आलं.

दवाखान्यात तो आल्बम घेऊनच आला होता, नव्याने पुसलेला. डॉक्टरांनी पुन्हा मनगट धरलं, पुन्हा चालवलं. ‘फरक आहे?’ ‘खूप,’ तो म्हणाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो हात तर खोलीत सगळ्यांसमोर होता, मला वेगळं काय दिसणार होतं? मी पाकीट उघडलं आणि सहा कागद टेबलावर ओळीने मांडले, डावीकडून उजवीकडे, वर्षांच्या क्रमाने. ‘आल्बममधलेच फोटो आहेत,’ मी म्हणाले. ‘हे मूळ. आल्बममधले मी दुरुस्त केलेले आहेत. मी टचिंग करते.’ माझा आवाज काउंटरवरचा होता, प्रती किती हव्यात विचारताना असतो तसा. माझा नवरा म्हणाला, ‘धूळ काढते ती,’ आणि मग त्याने धोबी पाहिला. दगडावर धोबी नव्हता. धोब्याच्या आकाराचं काहीतरी पुसट होतं, आणि शेपटी तीन वेळा होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘किती दुरुस्ती करावी लागली, सांगता येईल?’ मी म्हणाले, ‘आकडे आहेत.’ त्यांनी कागद पुढे ओढला. मी डावीकडून सांगत गेले, आठ, पंधरा, बावीस, चौतीस, पन्नास, शंभर. त्या लिहीत गेल्या, आकड्यासमोर महिना आणि वर्ष. त्याच्या आजाराचा दुसरा कुठलाच कागद कुणाकडे नव्हता, एवढा एकच होता, आणि तो मी पक्षी साफ करता करता लिहून ठेवला होता. ‘आठच्या आधी?’ त्यांनी विचारलं. ‘शून्य.’

तो माझ्याकडे बघत नव्हता. ‘आठ कुठला?’ त्याने विचारलं. मी पहिला कागद त्याच्यासमोर सरकवला. तळ्याच्या काठी पाण्याची पातळी मोजायचा लोखंडी खांब, त्यावर खंड्या, मागे लव्हाळं. त्याने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘त्या दिवशी वारा होता गं.’ डॉक्टरांचं पेन थांबलं. ‘तुला नाही आठवणार, तू कुठे होतीस तिथे. फार वारा होता. उभं राहवत नव्हतं.’ त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, मीठसुद्धा तो उठून घेतो. आता तो मागत होता. डॉक्टरही माझ्याकडे बघत होत्या. एक ‘हो’ म्हणायचा होता. आठ म्हणजे काहीच नाही. वारा होता म्हटलं असतं तर एक वर्ष तरी त्याचं त्याला परत मिळालं असतं. मला ते द्यावंसं वाटलं.

‘वाऱ्याने लव्हाळं हललं असतं,’ मी म्हणाले. ‘खांब कसा हलेल? खांबही हललाय.’

त्याने फोटो उचलला, नकाशा तपासायला उचलायचा तसा डोळ्यांजवळ नेला. कागद फडफडायला लागला. त्याने तो परत टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला, आणि त्यावर इतका वाकला की मला फक्त त्याच्या डोक्यावरचे विरळ केस दिसत होते. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला, मग दुसऱ्या कुणाचा. खांबाची कड त्याने नखाने वरपासून खालपर्यंत तपासली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

‘हो,’ तो म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. ‘सहा वर्षं लिहा.’